आगोटीचा हिशेब

दिवाळीच्या सुट्टीत कोकणात उतरलेला पुण्या-मुंबईचा मनुष्य चौथ्या दिवशी एक वाक्य हमखास बोलतो : "इथे आपले एक लहानसे घर असायला हवे." त्यात त्याचा काही दोष नाही. त्या दिवसांत कोकण दिसतेच तसे. पाऊस नुकता उघडलेला असतो, विहिरी भरलेल्या असतात, गडग्यांवरचे शेवाळ अजून हिरवे असते, अंगणे नव्याने चोपून सारवलेली असतात. पावसाळाभर आदळआपट करणारा समुद्रसुद्धा दिवाळसणाला आलेल्या जावयासारखा शहाणपणाने वागत असतो. अशा वेळी कोणी तरी सांगतो, "पलीकडच्या वाडीत एक घर विकायचे आहे. खिडकीतून समुद्र दिसतो." झाले! हातातला चहा तसाच ठेवून मनुष्य घर पाहायला निघतो.

या पानावर एरवी मी शब्दांविषयी लिहिते. पैशाविषयी लिहिण्याचा माझा अधिकार एवढाच, की दोन वर्षे आमच्या घरात याच एका वाक्यावर खल चालला होता आणि त्याच्या हिशेबाची वही माझ्याकडे होती. माझ्या माहेरचे जुने घर विकले गेले आणि भावंडांच्या वाटणीत माझ्या वाट्याला ४२ लाख रुपये आले. पगारावर चालणाऱ्या कुटुंबाला असे पैसे आयुष्यात एकदाच मिळतात. मुलीच्या शिक्षणाची तरतूद निराळी होती. पण ती सोडली तर या रकमेच्या पाठीशी दुसरी रक्कम नव्हती. वडिलांनी सांभाळलेल्या भिंतींचे पैसे पुन्हा कुठल्या तरी भिंतींतच जावेत असे मला वाटत होते, आणि त्या भिंती समुद्राकाठच्या असाव्यात असे आमच्या ह्यांना वाटत होते.

पहिल्याच फेरीत, दापोली तालुक्यातल्या एका गावी, आम्ही एक घर पाहून बाहेर पडलो. शेजारच्या ओटीवर एक आजी सुपारी कातरत बसल्या होत्या. त्यांनी विचारले, "घर बघायला आलात का?" आम्ही हो म्हणालो. त्या म्हणाल्या, "आत्ता काय बघताय? आत्ता सगळीच घरं चांगली दिसतात. मृगात या. आगोट कशी करतात ते बघा, आणि मग घराचं बोला."

आगोट हा शब्द शहरातून जवळजवळ गेला आहे. आगोट म्हणजे पावसाळ्याचे तोंड, आणि त्या तोंडावर करायची सगळी बेगमीही. छपरावरची कौले उतरवून, फुटकी काढून, रीपा बदलून ती पुन्हा बसवायची, ती शाकारणी. तिरप्या पावसाने भिंत भिजू नये म्हणून पडवीला झावळ्यांची झापे बांधायची. लाकडे, गोवऱ्या, मीठ-मसाला भरून ठेवायचा, वहाळाकडची चर मोकळी करायची. कोकणातल्या माणसाने घराचा खर्च कधीच लपवून ठेवला नाही. त्याने तो पंचांगात घातला आणि त्याला नावे दिली. आपण ज्याला छुपा खर्च म्हणतो, तो आपण दिवाळीत जातो म्हणून आपल्याला दिसत नाही, इतकेच.

आजींच्या बोलण्यानंतर मी वहीची तीन पाने आखली. पहिले कागदाचे, दुसरे पहिल्या पावसाआधीचे, तिसरे दरसालचे. समुद्राकाठी घर घेऊ पाहणाऱ्या प्रत्येक कुटुंबाने ही तीन पाने आखावीत, असे माझे म्हणणे आहे.

पान पहिले : कागद

घराची बोली ठरली म्हणजे किंमत ठरली, असे वाटते. परंतु त्या आकड्यावर मुद्रांक शुल्क चढते. ते गावाच्या हद्दीप्रमाणे, अधिभार धरून, साधारण ४ ते ६ टक्क्यांच्या घरात जाते, आणि ते आपण ठरवलेली किंमत व सरकारी बाजारमूल्य यांतल्या मोठ्या आकड्यावर द्यावे लागते. विकणाऱ्याने स्वस्त दिले म्हणून सरकार स्वस्त मानत नाही. नोंदणी फी १ टक्का, पण ३० हजारांच्या वर नाही. निवासी घर केवळ स्त्रीच्या नावे घेतले, तर महाराष्ट्रात मुद्रांकात १ टक्क्याची सवलत आहे. वाचक भगिनींनी हे वाक्य घरात मोठ्याने वाचावे. हे दर बदलत असतात, तेव्हा व्यवहाराच्या वेळचे दर दुय्यम निबंधकाच्या कचेरीत विचारून घ्यावेत. घर ५० लाखांचे किंवा त्याहून महाग असेल, तर विकणाऱ्याला पैसे देताना १ टक्का आयकर कापून भरण्याची जबाबदारी घेणाऱ्यावर असते. बांधून पुरे न झालेले घर बांधकाम-व्यावसायिकाकडून घेतल्यास वस्तू व सेवा कर निराळा. पूर्णत्वाचा दाखला मिळालेल्या घरावर तो नाही.

बँकेचे कर्ज काढणाऱ्यांसाठी आणखी एक गोष्ट. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे ३० लाखांपर्यंतच्या कर्जात बँक किमतीच्या ९० टक्क्यांपर्यंत जाते, त्यापुढे ७५ लाखांपर्यंत ८० टक्क्यांपर्यंत. मोठ्या कर्जांत मुद्रांक आणि नोंदणी या किमतीत धरत नाहीत. म्हणजे हा सगळा खर्च रोख, आपल्या खिशातून.

परंतु कोकणात खरा खर्च असतो तो कागद वाचून घेण्याचा. सातबारावर बारा नावे असतात. त्यांतली चार मुंबईत, दोन बडोद्याला, एक परदेशात, आणि एक हयात नसून त्याचे वारस लागायचे राहिलेले. एक भाऊ घर दाखवतो, चहा पाजतो, इसार घेतो. सही मात्र बाराही जणांची लागते. सातबाऱ्यावर 'इतर अधिकार' नावाचा रकाना असतो. कुळाची नोंद, सोसायटीचा बोजा, असे बरेच काही त्यात असते. आधी तो वाचावा. ग्रामपंचायतीचा नमुना ८ चा उतारा पुष्कळदा मालकीचा म्हणून पुढे केला जातो. तो घरपट्टीचा कागद आहे, मालकीचा पुरावा नव्हे. जमीन शेतीची असेल, तर १९४८ च्या कुळकायद्याप्रमाणे ती घेणाराही शेतकरीच असावा लागतो. वकिलाकडून तीस वर्षांचा शोध, वर्तमानपत्रात जाहीर नोटीस, सरकारी मोजणी आणि वाटेचा हक्क कागदावर आहे की केवळ शेजाऱ्याच्या चांगुलपणावर, याची खात्री. यांत पैसे जातात. जाऊ द्यावेत. या पानावर वाचवलेला रुपया पुढे कोर्टात शंभर होऊन भेटतो.

आणि आता खिडकीतून दिसणारा समुद्र! किनाऱ्यावरच्या बांधकामाचे नियम प्रथम १९९१ साली आले, पुढे २०११ आणि २०१९ साली ते नव्याने काढले गेले. भरतीरेषेपासून ५०० मीटरपर्यंतची जमीन या नियमांखाली येते. खाडीकाठालाही ते लागू आहेत. विरळ वस्तीच्या खेड्यांत भरतीरेषेपासूनचे पहिले २०० मीटर हे ना-विकास क्षेत्र. दाट वस्तीच्या गावांना, म्हणजे २०११ च्या जनगणनेप्रमाणे चौरस किलोमीटरला २,१६१ हून अधिक लोक राहतात तिथे, २०१९ च्या अधिसूचनेने हे अंतर ५० मीटर केले. या पट्ट्यात अधिकृत जुन्या घराची दुरुस्ती करता येते, मूळ जोत्यावर ते पुन्हा उभारताही येते. परंतु वर एक मजला आणि पुढे एक गच्ची हे जे आपल्या मनात असते, ते मनातच ठेवावे लागते. समुद्राच्या जितके जवळ जावे, तितकी किंमत वाढते आणि हक्क कमी होतात.

पान दुसरे : पहिल्या पावसाआधी

घर ताब्यात आले, किल्ली मिळाली, पेढे वाटले. आता पहिल्या मृगापूर्वी त्यात किती घालावे लागेल?

समुद्राकाठच्या हवेत मीठ असते. त्यातले क्लोराइड काँक्रीटमध्ये मुरत मुरत आतल्या सळईपर्यंत पोचते. सळई गंजते, गंज मूळच्या लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा मागतो, तो फुगला की बाहेरचे काँक्रीट फोडून काढतो. म्हणून २००० सालच्या भारतीय मानकात किनाऱ्यावरच्या हवेला 'तीव्र' ठरवून तिथे किमान एम-३० प्रतीचे काँक्रीट आणि सळईवर ४५ मिलिमीटरचे आवरण सांगितले आहे. लाटांचे तुषार जिथे पोचतात तिथे त्याहूनही अधिक. समुद्राकडे तोंड करून उभा असलेला दहा-बारा वर्षांचा टुमदार बंगला पाहाल, तेव्हा सज्जाच्या खालच्या बाजूस मान वर करून पाहा. तिथे तांबूस रेघा किंवा पोपडे असतील, तर रंग कितीही नवा असो, तो बंगला तुम्हाला बिल पाठवण्याच्या तयारीत आहे असे समजावे.

जुन्या चिरेबंदी घराची गोष्ट निराळी. जांभा दगड, चुना, लाकडी गज, उतरते कौलारू छप्पर. त्यात गंजण्यासारखे थोडेच. परंतु त्याला दुसरे दोन शत्रू, ओल आणि वाळवी. तुळया-वासे टोचून पाहावे लागतात. ओटी झोपाळ्यासकट मोहक असते. वासा आतून पोकळ असला तर झोपाळा हा धोका ठरतो. विजेच्या तारा नव्या घालाव्या लागतात, न्हाणीघर शहरातल्या सुनांना चालेल असे करावे लागते, मैलापाण्याची टाकी विहिरीपासून दूर न्यावी लागते.

विहिरीविषयी तर सावकाश सांगायला हवे. रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, आणि त्याच जिल्ह्यात एप्रिल-मे महिन्यांत टँकर फिरतात. जांभ्याचा कातळ पाणी धरून ठेवत नाही; ते उतारावरून समुद्राकडे धावते. किनाऱ्याजवळ आणखी एक अडचण आहे. जमिनीखाली गोडे पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असते, आणि हिशेब असा, की गोड्या पाण्याची पातळी समुद्रसपाटीपेक्षा १ मीटर वर असेल, तर तिच्या बळावर खाली सुमारे ४० मीटरपर्यंत खारे पाणी दूर राहते. पंप लावून वरची पातळी हातभर खाली आणली, की खालून खारे पाणी त्याच्या चाळीसपट उत्साहाने वर सरकते. एकदा खारट झालेली विहीर पुन्हा गोड व्हायला फार दिवस घेते. म्हणून विहिरीचे पाणी मे महिन्यात चाखावे. दिवाळीत सगळ्याच विहिरी गोड असतात.

पान तिसरे : दरसाल

हे पान सर्वांत साधे आणि सर्वांत महाग. शाकारणी, झापे किंवा आजच्या काळात त्यांच्या जागी आलेली प्लास्टिकची ताडपत्री. लोखंडी दार-खिडक्यांचा रंग, जो पुण्यात पाच वर्षे टिकतो आणि इथे दुसऱ्या वर्षी कोपऱ्यातून तांबडा डोकावतो. घरपट्टी. घर बंद असले तरी येणारे विजेचे बिल. माडांना उन्हाळ्यात शिंपण, आणि नारळ पाडणाऱ्याची मजुरी. वाडीचे उत्पन्न खर्चाला हातभार लावेल असे विकणारा सांगतो, तेव्हा वानरे त्यात भागीदार आहेत हे सांगायला तो विसरतो. पाठीमागे घर उघडून हवा खेळती ठेवणारा विश्वासू माणूस. कारण बंद घराइतके लवकर दुसरे काही म्हातारे होत नाही. माझ्यासारखीने तर पुस्तके तिथे नेण्याचा विचारही करू नये. श्रावणात त्यांच्यावर जी बुरशी चढते, ती लेखकांत मुळीच भेदभाव करत नाही.

गाव म्हटले की पालखी आली, शिमगा आला, गावकीची वर्गणी आली. ती आनंदाने द्यावी. वादळात झाड दारात पडल्यावर कोयता घेऊन प्रथम तेच लोक येतात. आणि समुद्रकिनारी घर झाल्याचे कळताच ज्या नातेवाइकांना आपली एकाएकी आठवण येते, त्यांच्यासाठीही एक ओळ सोडावी. आमच्या हिशेबात ती 'इतर अधिकार' या नावाखाली आहे.

वादळाची ओळ मात्र थट्टेची नाही. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर चढले. श्रीवर्धन, मुरुड, मंडणगड, दापोली या भागांत छपरे उडाली, नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या झाल्या, आणि कित्येक गावे कित्येक दिवस अंधारात राहिली. उडालेले पत्रे महिन्यात बसवता येतात. पोफळीची बाग पुन्हा धरती व्हायला पाच-सात वर्षे लागतात. पुढच्याच वर्षी, मे २०२१ मध्ये, तौक्ते हे वादळ किनारा घासून गेले. म्हणून घराचा विमा उतरवावाच. एप्रिल २०२१ पासून सर्व सामान्य विमा कंपन्यांना 'भारत गृह रक्षा' नावाची एकसारखी पॉलिसी द्यावी लागते. तीत वादळ आणि पूर येतात. जमिनीची किंमत त्यात धरायची नसते, बांधकाम पुन्हा उभारण्याचा खर्च धरायचा असतो, त्यामुळे हप्ता वाटतो तितका जड नसतो. परंतु त्याच कागदात आणखी एक ओळ आहे : समुद्राने किंवा नदीने जमीन खाल्ल्यामुळे झालेले नुकसान भरून मिळणार नाही. समुद्र एका रात्रीत छप्पर नेईल तर पैसे मिळतील. दरवर्षी हातभर परसू नेईल तर मिळणार नाहीत. तेव्हा परसवाच्या टोकाला उभे राहून गावातल्या म्हाताऱ्यांना विचारावे, "तुमच्या लहानपणी पाणी कुठवर यायचे?"

बेरीज

आता आमच्या वहीतली बेरीज देते. समुद्र दिसणारे ते पहिले घर ४० लाखांचे होते. मुद्रांक ५ टक्क्यांनी २ लाख, नोंदणी ३० हजार, वकील-मोजणी ५० हजार, मध्यस्थ ४० हजार. कागदाचे पान ३ लाख २० हजार. पहिल्या पावसाआधीच्या दुरुस्तीचा गवंडी-सुताराचा अंदाज साडेचार लाख. म्हणजे राहण्याजोगे घर ४७ लाख ७० हजारांना. दरसाल आगोट २५ हजार, राखणदार ४८ हजार, रंग १५, वीज-पट्टी-विमा १५, पंप आणि किरकोळ मोडतोड १२. एकूण १ लाख १५ हजार. वर्षातून सहा खेपांचा प्रवास ४८ हजार. सगळे मिळून १ लाख ६३ हजार. सहा खेपांत आम्ही फार तर चोवीस दिवस तिथे राहणार. म्हणजे दिवसाला सुमारे ६ हजार ८०० रुपये, तेही घरात गुंतलेल्या पैशांचे व्याज न धरता! ह्यांनी तो भागाकार दोनदा करून पाहिला. उत्तर तेच आले.

"म्हणजे घर घ्यायचे नाही असे म्हणतेस?" त्यांनी विचारले.

"अहो, घ्यायचे. पण आगोटीचे पैसे आधी बाजूला ठेवायचे आणि उरतील त्यात घर शोधायचे," मी म्हटले.

या उलट्या वजाबाकीत सगळे आले. १ लाख १५ हजार रुपये दरवर्षी व्याजातून यावेत असे वाटत असेल, तर साडेसहा टक्क्यांनी पावणेअठरा लाखांच्या आसपास मुदत ठेव हवी, आणि त्यावरचा आयकर निराळा. म्हणजे ४० लाखांचे घर खरे पाहता ६५ लाखांचे होते. आमच्याजवळ ४२ होते. आम्ही मागे मागे येत गेलो, आणि समुद्रही मागे सरकत गेला. शेवटी २४ लाखांत घर मिळाले. दोन खोल्या, ओटी, पडवी, एक विहीर, चार माड. समुद्रापासून पायी वीस मिनिटांच्या चढावर. कागदाला २ लाख १० हजार, दुरुस्तीला साडेतीन लाख, आणि उरलेले १२ लाखांहून थोडे अधिक आगोटीच्या ठेवीत. खिडकीतून समुद्र दिसत नाही. रात्री वारा पश्चिमेचा असला तर ऐकू येतो.

त्या खिडकीचे दुःख ह्यांना थोडे आहे, आणि ते मी नाकारत नाही. स्वप्नातले घर आणि परवडणारे घर यांत जे अंतर असते, ते आमच्या बाबतीत वीस मिनिटांचे निघाले. पुष्कळांच्या बाबतीत ते फार मोठे असते. परंतु सुपारीच्या बागा आडव्या होण्याची बातमी वाचून झोप उडावी, किंवा कौले बदलायला मुलीच्या शिक्षणाच्या खात्यात हात घालावा लागावा, अशी खिडकी आम्हाला परवडणारी नव्हती. ज्यांना परवडते त्यांनी ती अवश्य घ्यावी आणि आम्हाला चहाला बोलवावे.

या दिवाळीत कोणी कोकणात जात असतील आणि चौथ्या दिवशी ते वाक्य ओठांवर आले, तर खुशाल बोलावे, घरही पाहावे. मात्र इसार देऊ नये. तेच घर आषाढात पाहावे, भिंतीला तळहात लावून. आणि मे महिन्यात पाहावे, विहिरीत पोहरा सोडून. तीनही वेळा आवडले तर आवडले म्हणावे.

व्याज ठरलेले राहते आणि मजुरी वाढते, हेही वहीत लिहून ठेवले आहे. ज्या वर्षी पाऊस कमी नडेल त्या वर्षीची शिल्लक मुद्दलात टाकायची असा नियम केला आहे. यंदा मात्र शिल्लक नाही. आगोटीचा अंदाज २० हजारांचा होता, २३ लागले. वरचे तीन हजार 'इतर अधिकार' या ओळीतून काढले आहेत, तेव्हा नातेवाइकांनी यंदा शिधा बरोबर आणावा, ही विनंती.